विमानाचा पंख आणि दीडचा आकडा

क्रेनचे भाग डिझाइन करणारे एक इंजिनिअर समुपदेशनासाठी आले होते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. कामानिमित्त पुणे-दिल्ली विमानप्रवास त्यांना चुकत नव्हता आणि हवेत विमान हलायला लागलं की पंख मुळातून तुटणार, अशी त्यांची खात्री होई. शेवटी शेवटी ते परतीचं तिकीट रेल्वेचं काढू लागले. ही तक्रार घेऊन येणारे पुष्कळ असतात. यांची गोष्ट जरा वेगळी होती. भीती जावी म्हणून त्यांनी वाचायला घेतलं आणि वाचून ती वाढली.

"वायर रोपला, म्हणजे क्रेनच्या पोलादी दोराला, आम्ही पाचचा फॅक्टर ऑफ सेफ्टी (भाराच्या किती पट मजबुती) धरतो. विमानाच्या पंखाला फक्त दीड? आणि त्यात मी निवांत बसायचं?"

"काही होत नाही हो, रोज लाखो लोक जातात" हे उत्तर अशा माणसाला देऊ नये. एकतर त्यानं त्याचं समाधान होत नाही, आणि आपला प्रश्न टाळला गेला असं त्याला वाटतं, ते खरंही असतं.

मुद्दा असा की पाच आणि दीड हे दोन आकडे एकाच गोष्टीवर लावलेले नाहीत. रोपचा पाच हा रोजच्या ठरलेल्या भारावर असतो: रोज एक टन पेलायचा तर पाच टनांना तुटणारा रोप निवडायचा. विमान सरळ उडत असताना पंखांवर विमानाच्या वजनाइतका भार असतो, तो १ जी. मोठ्या प्रवासी विमानांचे नियम सांगतात की रचनेनं वरच्या दिशेनं निदान २.५ जी आणि उलट दिशेनं १ जी सोसला पाहिजे, आणि तोही कायमचा वाक न येता. सेवेत अपेक्षित असलेला जास्तीत जास्त भार तो हा. दीडनं गुणायचं ते याला. म्हणजे ३.७५ जी, आणि एवढा भार तीन सेकंद राहिला तरी रचना तुटता कामा नये. रोजच्या भारावर मोजलं तर हातात दीड नाही, पावणेचार उरतात. गृहस्थांनी पेन काढून गुणाकार स्वतः करून पाहिला, आणि ते बरं झालं. दुसऱ्यानं दिलेल्या दिलाशापेक्षा स्वतः केलेलं गणित जास्त टिकतं.

मग पाचच का ठेवत नाहीत? कारण जाड पंख म्हणजे जड विमान. जाडी वाढवण्याऐवजी भार नेमका किती येतो ते काटेकोर मोजतात, धातूची प्रत सांभाळतात, ठरलेल्या मुदतीनं तपासणी करतात आणि एक पूर्ण आकाराचा सांगाडा जमिनीवर ताणून पाहतात. जानेवारी १९९५ मध्ये बोइंग ७७७ चे पंख असेच ताणले गेले. टोकं सुमारे २४ फूट वर उचलली गेली आणि सेवेतल्या त्या जास्तीत जास्त भाराच्या १५४ टक्क्यांना पंख तुटले. खिडकीतून पंखाचं टोक वर-खाली होताना दिसतं तो हाच लवचीकपणा. हे गृहस्थ नेमकं त्या टोकाकडे नजर लावून बसत आणि प्रत्येक हेलकावा म्हणजे तुटण्याची सुरुवात समजत.

वेगाचा भाग त्यांना सर्वांत उपयोगी पडला. हवेच्या वर-खाली वाहणाऱ्या उभ्या झोतानं पंखावर येणारा जादा भार वेगाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून प्रत्येक विमानाला खडबडीत हवेसाठी एक वेग ठरवून दिलेला असतो. एअरबस ए३२० साठी तो २०,००० फुटांच्या खाली २५० नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) आणि त्यावर २७५ नॉट किंवा माख ०.७६, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या ०.७६ पट, असतो. या विमानाची कमाल मर्यादा ३५० नॉट आणि माख ०.८२. वाटेल तितकं हळूही जाता येत नाही, कारण फार हळू झालं की एखाद्या झोतानं पंखावरचा हवेचा प्रवाह सुटतो आणि उचल जाते. ठरलेला वेग या दोन्ही टोकांपासून अंतर राखून असतो. वैमानिक तिथे येण्यासाठी इंजिनांची ताकद कमी करतात आणि केबिनमधला आवाज एकदम खाली येतो. "इंजिन बंद पडलं" असं वाटून यांच्या हातापायातलं त्राण जायचं ते नेमकं याच क्षणी! बेल्टचा दिवा, इंजिनाचा उतरलेला आवाज, हलणारा पंख: ज्या तीन गोष्टींना ते धोक्याची खूण समजत होते, त्यांतल्या दोन म्हणजे वैमानिकांनी घेतलेली काळजी होती आणि तिसरी पंखाचा धर्म.

पुढच्या फेरीसाठी त्यांना एक काम दिलं. फोन फ्लाइट मोडवर, ट्रेवर सपाट ठेवायचा आणि त्वरण दाखवणारं ॲप उघडायचं. स्थिर हवेत आकडा ९.८ च्या आसपास राहतो, तोच १ जी. धक्का बसला की आधी भीती दहापैकी किती ते लिहायचं, मग आकडा पाहायचा. त्यांच्या वहीत "भीती ९" च्या समोर ७ ते १२.५ असे आकडे होते. म्हणजे फरक जेमतेम ०.३ जी. हवाई वाहतुकीच्या वर्गवारीत ०.५ ते १ जी बदल म्हणजे मध्यम हेलकावे, त्याहून जास्त म्हणजे तीव्र. त्यांचा नऊ गुणांचा धक्का सौम्य वर्गातला निघाला. कानातल्या तोलाच्या यंत्रणेला उंची कळत नाही, त्वरणातला बदल कळतो. बंद केबिनमध्ये नजरेला आधार नसतो, म्हणून मेंदू त्याचं भाषांतर "पडतोय" असं करतो.

ते मे २०२४ मधलं लंडन-सिंगापूर विमानाचं प्रकरणही घेऊन आले होते. म्यानमारवर त्या ७७७ ला तीव्र हेलकावे बसले, एका प्रवाशाचा मृत्यू झाला, अनेक जखमी झाले. "सहा हजार फूट कोसळलं ना?" नाही. प्राथमिक तपासात झटक्याच्या ४.६ सेकंदांत उंची १७८ फूट कमी झाल्याचं दिसलं. सहा हजार फूट ही नंतर वैमानिकांनी ताब्यात ठेवून घेतलेली उतराई. मात्र ०.६ सेकंदात भार +१.३५ वरून -१.५ जी झाला आणि बेल्ट न लावलेली माणसं आसनावरून उडाली. "उणे एकची मर्यादा ओलांडली की!" हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. उणे एक हा वैमानिकानं विमान वळवण्या-झुकवण्यानं येणाऱ्या भाराचा आकडा आहे. झोतांचा हिशेब नियमांत वेगळा करावा लागतो. विमान बँकॉकला उतरलं, पंख जागेवर होते. इजा झाली ती केबिनमध्ये आपटल्यानं.

नोव्हेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कला एका एअरबस ए३०० ची उभी शेपटी तुटली, तेही लपवून ठेवण्यात अर्थ नव्हता. पुढच्या विमानानं मागे सोडलेल्या हवेच्या भोवऱ्यात सापडल्यावर रडर, म्हणजे उभ्या शेपटीवरचं हलतं सुकाणू, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पुन्हा पुन्हा दाबला गेला आणि भार अंतिम, म्हणजे दीडनं गुणलेल्या मर्यादेच्याही पलीकडे गेला. त्यानंतर वैमानिकांचं प्रशिक्षण बदललं, नियमातली सूचनाही स्पष्ट झाली.

बाकी सल्ला साधा. बेल्ट पूर्ण प्रवासभर कमरेवर घट्ट, दिवा विझला तरी. आसन पंखाजवळचं, तिथे हालचाल कमी जाणवते. शेपटीकडे सर्वांत जास्त. उन्हाळ्यात सकाळचं विमान घ्यावं, दुपारी तापलेल्या जमिनीवरून वर येणारी हवा आणि वळिवाचे ढग दोन्ही वाढतात. हात आसनाच्या दांड्यांवरून सोडून मांडीवर ठेवावेत, कारण आवळलेल्या अंगाला प्रत्येक धक्का मोठा लागतो. श्वास चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. एअरहोस्टेसचा चेहरा निरखणं, हवामानाचे नकाशे रात्रभर चाळणं बंद, त्यानं भीतीला खतपाणीच मिळतं. दारू नको, आणि डॉक्टरांना न विचारता शांत करणारी गोळी तर नकोच. धडधड आणि गुदमरणं लिफ्टमध्ये, गर्दीत, घरीही होत असेल, तर प्रश्न विमानाचा नाही आणि मानसोपचारतज्ज्ञांची भेट आधी घ्यावी.

या गृहस्थांनी परतीचं रेल्वे तिकीट काढणं थांबवलं आहे. भीतीचा आकडा अजून चारच्या आसपास असतो, आणि तेवढा चालतो.