रांजणाखालचा मोती

प्रश्न : आमचा सहा वर्षांचा कुत्रा मोती रोज बाबांसोबत वावरात जातो. चैत्र लागल्यापासून तो दुपारची भाकर तशीच टाकतो आणि रांजणाखालची ओली माती उकरून, तिला पोट टेकवून धापा टाकत पडून राहतो. घरातल्या सर्वांचा त्याच्यावर जीव आहे. त्याला काही आजार असेल का?
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : आपली काळजी पत्रातून जाणवली. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो पंजांच्या गाद्यांतून थोडासा येतो. म्हणून धापा टाकणे हाच शरीर थंड करण्याचा त्याचा मुख्य मार्ग असतो, आणि आपल्याकडे पारा 45 अंशांवर गेला की त्याची भूक मंदावणे स्वाभाविक आहे. ओली जागा त्याने स्वतःच शोधली, ती त्याला राहू द्या. भाकर पहाटे आणि दिवेलागणीनंतर द्या, वावरात त्याच्यासाठी पाण्याचे वेगळे भांडे सावलीत ठेवा आणि भर दुपारी त्याला तापलेल्या वाटेने चालवू नका. मात्र सावलीतही धाप थांबेना, हिरड्या लालभडक दिसल्या किंवा चाल लडखडली, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी त्याचे अंग साध्या पाण्याने भिजवून वारा घालत त्याला लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे.