घरातला दुभाषा

पूर्व लंडनमधील टॉवर हॅम्लेट्समध्ये समुपदेशन करताना बांगलादेशातील सिल्हेटहून आलेल्या पालकांकडून एकच काळजी मी वारंवार ऐकते: मुलगा हाताबाहेर गेला, या देशाने त्याला बिघडवले. ओळख बदलून एका कुटुंबाची हकीकत सांगते.

वडील 'इंडियन' म्हणवणाऱ्या, पण सिल्हेटी माणसांनीच चालवलेल्या उपाहारगृहात रात्री उशिरापर्यंत राबत. आईचे इंग्रजीवाचून फारसे अडत नसे. बाजार, मशीद, शेजार सारे आपल्याच भाषेत; व्हाइटचॅपल स्थानकावर २०२२ पासून पाटीही बंगालीत आहे. अडायचे ते दवाखान्यात, शाळेत आणि कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, पत्रांपाशी, आणि तेथे चौदा वर्षांचा मुलगा पुढे होई.

"तो उलट बोलतो, विचारल्याशिवाय निर्णय घेतो," आई म्हणाली.

"घरी आलेले पत्र आधी कोण उघडते?"

"तोच."

बराच वेळ गप्प बसलेला मुलगा तेव्हा म्हणाला, "पोटात गाठ आहे, तपासावी लागेल, असे डॉक्टर म्हणाले होते. मी अम्माला फक्त तपासणीचे सांगितले. ती घाबरली असती."

आई त्याच्याकडे पाहतच राहिली. ज्याला ती उद्धटपणा समजत होती, तो आईबापांना सांभाळू पाहणाऱ्या पोराचा थकवा होता. मुलाचे वागणे घराच्या रचनेतून समजून घ्यावे, असे मी पूर्वीपासून मानत आले आहे. या घरात मुलाला थोरल्याची जागा देऊन त्याच्याकडून धाकट्याची आज्ञाधारकता मागितली जात होती.

म्हणून अशा पालकांना मी शिस्तीआधी दुभाषा बदलायला सांगते. एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, दवाखान्यात दुभाषा विनाशुल्क मिळतो. वेळ ठरवतानाच तो मागावा. दुकानातले दोन शब्द मुलाने सांगावेत, पण आजार, कर्ज, नवरा-बायकोचे तंटे आणि त्याच्या स्वतःच्या शाळेतली तक्रार त्याच्या तोंडून ऐकू नये. पत्र पालकांनी उघडावे, मदत कोणाची घ्यायची हेही त्यांनीच ठरवावे. इंग्रजी येत नाही म्हणून पालकपण कमी होत नाही, हे मुलापेक्षा पालकांनाच पटवावे लागते.

पुढच्या तपासणीला आईने सिल्हेटी बोलणारी दुभाषी मागून घेतली आणि डॉक्टरांना स्वतः प्रश्न विचारले. गाठ साधी निघाली. मुलगा आजही रात्रीच्या मोबाइलवरून वाद घालतो. मात्र ते वाद त्याच्या वयाचे आहेत, आणि त्यांची मला काळजी वाटत नाही.