शेजाऱ्याच्या झाडाची वठलेली फांदी आपल्या अंगणावर आलीय, तोडू का?

ताई, तुम्ही लिहिलंय की शेजारच्या झाडाच्या दोन मोठ्या फांद्या पार वठल्यात, नातवंडं खेळतात नेमक्या त्याच जागेवर लोंबतायत, मागच्या आठवड्यात एक छोटी फांदी पडलीसुद्धा, आणि शेजारी म्हणतात झाडाला हात लावलात तर केस करीन. मग माणूस बोलावून आपणच तोडून टाकल्या तर चालेल का?

आधी मुलांना त्या बाजूला जाऊ देऊ नका, आजपासूनच. कायद्याचं नंतर बघू.

आपल्या हद्दीत आलेला भाग छाटायचा हक्क जुना आहे, इंग्लंडातल्या 1895 च्या लेमन विरुद्ध वेब या निकालापासून तो सांगितला जातो. फांदी कितीही वर्षं तिथं असली तरी ती तुमच्या डोक्यावर ठेवायचा हक्क शेजाऱ्यांना मिळत नाही. पण कापायचं ते हद्दीपर्यंतच, त्यांच्या आवारात पाय न टाकता, आणि लाकूड त्यांचंच.

तरी थांबा. तुम्ही महापालिकेच्या हद्दीत राहता म्हणजे 1975 चा महाराष्ट्राचा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू होतो, आणि त्यात झाड तोडणं म्हणजे नुसतं बुंध्यातून पाडणं नाही, कापणं, जाळणं, कुठल्याही प्रकारे इजा करणं सगळं त्यात येतं. वाळकीच तर आहे म्हणून माणूस चढवला आणि त्यानं सोबत चार हिरव्या फांद्या उतरवल्या की शेजाऱ्यांची केस आपणच तयार करून दिली असं होतं. म्हणून महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे फोटो लावून परवानगीचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

माझ्या मते त्याहून महत्त्वाचं आहे ते शेजाऱ्यांना द्यायचं पत्र. फांदी पडून कोणाला लागलं तर कोर्ट विचारतं, मालकाला धोका माहीत होता का, किंवा कळायला हवा होता का? 1926 च्या नोबल विरुद्ध हॅरिसन खटल्यात रस्त्यावरच्या गाडीवर फांदी पडली, पण आतला दोष बाहेरून दिसण्यासारखा नव्हता म्हणून मालक सुटला. तुमच्या पत्रानंतर शेजाऱ्यांना असं म्हणता येणार नाही. भांडणाची भाषा नको, फांद्या कुठल्या, कधीपासून वाळल्यात, छोटी कधी पडली एवढंच लिहा आणि स्पीड पोस्टानं पाठवा.

तरीही कोणी हललं नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, 2023 चं कलम 152 आहे, पडून शेजारपाजारच्यांना किंवा येणाऱ्या-जाणाऱ्यांना इजा होईल अशा स्थितीतलं झाड असेल तर कार्यकारी दंडाधिकारी ते काढायचा किंवा त्याला आधार द्यायचा हुकूम काढू शकतो, झाडाचा उल्लेख कलमातच आहे. दिवाणी कोर्टात मनाई हुकूमही मागता येतो पण त्याला वेळ लागतो, आणि वाळकी फांदी तारखांची वाट बघत नाही, म्हणून मी तिकडे शेवटी जाईन.

परवानगी मिळाली की कापणाऱ्याला आधी घरटी बघायला सांगा, वन्य पक्ष्यांची अंडी-घरटी मोडणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. आणि ती पडलेली छोटी फांदी टाकून दिली नसेल तर जपून ठेवा, तारखेसकट तिचा फोटो आजच काढा, अर्जाला तोच पहिला जोडायचा.