वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर मुंबईसाठी वीज तयार करता येईल का?

वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीच्या कुंडांत हात घातला की हा प्रश्न पडतोच, मलाही पडला होता. पण वरवर येणाऱ्या त्या पाण्यावर वीज परवडणार नाही.

ते पाणी साधारण ५० अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे वाफेवर टर्बाइन फिरवायचा प्रश्नच नाही. कमी तापमानात उकळणारा दुसरा द्रव त्या पाण्याने तापवून त्याच्या वाफेवर टर्बाइन फिरवता येतो. अलास्कातल्या चेना इथे २००६ पासून जेमतेम ७४ अंशांच्या पाण्यावर अशी वीज बनते. मात्र तिथे वाफ पुन्हा थंड करायला बर्फासारखं गार पाणी मिळतं, आणि खरी मेख तिथेच आहे. आपल्याकडे गार पाणीच २८ अंशांचं धरा. मग ५५ अंशांच्या पाण्यातून आदर्श यंत्रालाही जेमतेम ८ टक्के उष्णता विजेत बदलता येईल, प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी.

खोल विहीर खणली तर जास्त गरम पाणी लागू शकतं. पण कठीण बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या कातळात खणणं फार महाग, आणि खाली पुरेसं पाणी लागेलच याची खात्री नाही. म्हणून आपल्या देशात अशा विजेसाठी लडाखच्या पुगा खोऱ्याकडे, जिथे यापेक्षा बरंच गरम पाणी वर येतं, आधी लक्ष गेलं, ते योग्यच झालं.

वज्रेश्वरीची उष्णता थेट वापरावी, उदाहरणार्थ भाज्या-फळं वाळवायला. मला तरी तेच पटतं.