रो मेसॉन: कण की अनुनाद?

प्रश्न असा आला आहे: 'रो मेसॉन हा अनुनाद (रेझोनन्स) आहे' असं वाचलं, कण असेल तर अनुनाद कशाला म्हणायचं, 'अस्थिर कण' पुरेसं नाही का?

नाही पुरत. सुटा न्यूट्रॉनही अस्थिरच, पण तो सरासरी १५ मिनिटं तरी टिकतो. रो म्हणजे क्वार्क आणि प्रतिक्वार्क मिळून झालेला कण, जन्मताच दोन पायॉनांत (त्याच जातीच्या हलक्या कणांत) फुटणारा. त्याच्या आयुष्यात प्रकाशसुद्धा प्रोटॉनच्या व्यासाइतकं अंतर कापत नाही, मग डिटेक्टरमध्ये त्याचा माग कुठून उमटणार? दिसतो तो आलेखातला उंचवटा. दोन पायॉनांची एकत्रित ऊर्जा ७७५ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास आली की प्रतिसाद एकदम वाढतो, जुळलेला सूर लागताच सतारीची तरफेची तार न छेडता बोलू लागते तसा. १९५२ मध्ये शिकागोत भौतिकशास्त्रज्ञ फर्मी आणि सहकाऱ्यांना डेल्टा या दुसऱ्या अल्पजीवी कणाची चाहूल लागली तीही अशीच, प्रोटॉनवर पायॉन आदळताना. म्हणून अनुनाद.

खरी गंमत संगणकावर आहे. क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या प्रबळ बलाची गणितं १९७४ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ विल्सननं सुचवलेल्या पद्धतीनं, म्हणजे अवकाश-काळाचं जालक (बिंदूंची जाळी) मांडून करतात. हे जालक ज्या पेटीत मांडतात ती जेमतेम काही फेमटोमीटरची, म्हणजे प्रोटॉनच्या काही पट. तिच्यात पायॉन दूर निघूनच जाऊ शकत नाहीत, त्यामुळे क्षय होताना पाहायला मिळत नाही. हाती लागतात फक्त सुट्या सुट्या ऊर्जापातळ्या. पेटी लहानमोठी केली की त्या सरकतात, आणि त्या सरकण्यातून पायॉन एकमेकांवरून कसे विखुरतात हे काढायचं सूत्र भौतिकशास्त्रज्ञ लूशरनं दिलं. विखुरण्याची कला (फेज, म्हणजे विखुरताना लहर किती सरकते तो कोन) ९० अंशांतून झपाट्यानं वर गेली, की तिथे रो.

गणित स्वस्त पडावं म्हणून पुष्कळदा क्वार्क खऱ्यापेक्षा जड घेतात. मग पायॉनही जड होतात. दोन पायॉनांचं मिळून वस्तुमान रोच्या वर गेलं, की रोला फुटायला वाटच उरत नाही, तो चक्क स्थिर होतो! अशा गणिताबद्दल लिहिताना 'अनुनाद' चूक. तिथे 'बद्ध अवस्था' किंवा सरळ 'स्थिर कण' म्हणावं. खऱ्या जगात पायॉन १४० दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टचा, दोन मिळूनही रोच्या ७७५ च्या खूप खाली, म्हणून तिथला रो अनुनादच.

'अनुस्पंदन' हा पर्यायही आहे. इथे नाद कसलाच नाही, त्यामुळे मला तो जास्त नेमका वाटतो, पण 'अनुनाद' रुळलाय, बदलायचा अट्टहास नको. क्रियापद मात्र जपा: जालकाच्या गणितात रो 'दिसला' नव्हे, 'निघाला'.