मांजराचं पोट: तुमचे प्रश्न

आमची मनी दीड वर्षाची आहे. रोज सकाळी वाटीभर दूध पिते आणि दुपारपर्यंत पातळ शी करते. तीन आठवडे हेच चाललंय. सासूबाई म्हणतात, मांजराला दूध नाही द्यायचं तर काय द्यायचं? (चिपळूण)

मांजर डोळे मिटून दूध पितं हे खरं, पण पिणं वेगळं आणि पचणं वेगळं. आईचं दूध सुटलं की दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज पिल्लाच्या आतड्यात कमी कमी होत जातं. मग न पचलेली साखर पुढे सरकते, मोठ्या आतड्यात आंबते, पाणी ओढून घेते आणि तुम्ही फडकं शोधत फिरता. आजपासून दूध बंद. सासूबाईंना माझं नाव सांगा.

दोन-तीन दिवस नुसतं उकडलेलं चिकन द्या. हाडं आणि कातडी काढायची. मीठ, हळद घालायची नाही आणि कांदा-लसणाचा तर वासही नको. बोटांनी तंतू सुटे करायचे, सोबत त्याचंच कोमट पाणी, आणि एका वेळी दोनेक चमचे असं दिवसातून चार-पाचदा. शी बांधून आली की चार-पाच दिवसांत हळूहळू नेहमीच्या खाण्यावर आणा. कायम चिकनवर ठेवू नका, त्यात कॅल्शियम फार कमी असतं.

उपाशी मात्र ठेवू नका. ‘लंघन हे परम औषध’ माणसांसाठी. मांजर, त्यातही लठ्ठ मांजर, दोन-तीन दिवस काही खाल्लं नाही तर त्याच्या यकृतात चरबी साचते आणि मूळ दुखणं बाजूला राहून तेच जिवावर बेततं.

तुमच्याकडे तीन आठवडे झालेत, म्हणून दोष फक्त दुधाचा असेलच असं नाही. ताजी शी स्वच्छ डबीत घेऊन तपासून आणा, जंत निघू शकतात. शीमध्ये रक्त दिसलं, सोबत उलट्या झाल्या किंवा मनी कोपऱ्यात मरगळून बसली, तर चिकनही शिजवत बसू नका, दवाखाना गाठा. लहान पिल्लाला जुलाब लागले तरी तेच.

पर्शियन मांजर आठवड्यातून दोनदा केसांचा गोळा ओकतं. सिरिंजने तोंडात थोडं खोबरेल सोडू का? (पुणे)

नको. जबरदस्तीने सोडलेलं तेल श्वासनळीत गेलं तर फुप्फुसं धरतात. रोज दहा मिनिटं विंचरा. जो केस कंगव्यात आला तो पोटात गेला नाही, इतकं सोपं आहे. महिन्यातून एखादा गोळा चालतो, आठवड्याला दोन म्हणजे पोट तपासायला हवं. आणि मान लांबवून खोकल्यासारखं करतं पण बाहेर काहीच येत नाही, असं असेल तर मोबाइलवर चित्रीकरण करून डॉक्टरांना दाखवा, तो दमाही असू शकतो. कुंडीत गहू पेरून त्याची पाती खाऊ दिलीत तर हरकत नाही. लिलीची फुलं मात्र घरात आणूच नका, त्यांचे परागकण चाटले तरी मूत्रपिंडं निकामी होतात.

चार वर्षांचा बोका सकाळपासून सारखा लिटरमध्ये (शी-शूसाठी ठेवलेल्या वाळूच्या ट्रेमध्ये) जाऊन कुंथतोय, होत काही नाही. इसबगोल किती द्यायचं? (ठाणे)

इसबगोलाचा डबा खाली ठेवा. आधी लिटर उपसून बघा: शूने ओल्या वाळूचे झालेले गठ्ठे दिसतात का? रोज दोन-तीन मोठे असायचे आणि आज एकही नाही किंवा लिंबाएवढा एखादाच असेल, तर हा बद्धकोष्ठ नाही, लघवी तुंबली आहे. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो, खड्याने किंवा चिकट गाळाने बंद होतो. लघवी अडली की रक्तात पोटॅशियम वाढतं, हृदय बिघडतं आणि एक-दोन दिवसांत बोका जातो. ओरडणं, सारखं खाली चाटणं, पोट दाबलं की चावायला येणं ही त्याची लक्षणं. रात्र असली तरी निघा. कुंथणारा बोका म्हणजे पोट साफ नाही, असं घरोघरी धरून चालतात आणि उशीर तिथेच होतो.

शू व्यवस्थित होतेय आणि शीच अडलीय याची खात्री असेल, तर पाव चहाचा चमचा इसबगोल भरपूर पाण्यात भिजवून ओल्या खाण्यात कालवा. कोरडं देऊ नका, उलट जास्त अडेल. कोरड्या दाण्यांत पाणी साधारण दहा टक्के असतं, डब्यातल्या ओल्या खाण्यात पंचाहत्तरच्या पुढे, आणि मांजर मुळात पाणी पितं कमी. त्यामुळे खाणं बदललं की निम्म्या तक्रारी जातात. दोन दिवसांत शी झाली नाही तर दाखवा.

पोट दुखत असेल म्हणून अर्धी पॅरासिटामॉल? (नाशिक)

पाव गोळीसुद्धा नाही. मांजराला ती विषच आहे. दिली असेल तर हे वाचत बसू नका, निघा.

राखीचा रेशमी दोरा गिळला, आता मागून टोक लोंबतंय. ओढून काढू? (कोल्हापूर)

हात लावू नका. दुसरं टोक जिभेखाली किंवा जठरात अडकलेलं असू शकतं. ओढलंत तर परकराच्या नाडीवर कापड चुणावं तसं आतडं दोऱ्यावर गोळा होतं आणि दोरा ते करवतीसारखा कापतो. टोक कापूही नका. खायला न देता, टोपलीत घालून आहे तसं घेऊन जा.