मोठ्या शहरात पगार जास्त मिळतो, पण हातात जास्त उरतं का?

छोट्या शहरातली नोकरी सोडून मोठ्या शहरात गेलं तर कामगाराचं किंवा मध्यमवर्गीय माणसाचं खरंच भलं होतं का आणि ते आधी कसं ओळखायचं, असं तुम्ही विचारलंय. नुसत्या पगाराच्या आकड्यावरून ते ओळखता येत नाही. तुम्हाला परवडणाऱ्या घरातून तासाभरात किती नोकऱ्या गाठता येतात, हे मी सगळ्यात आधी बघेन.

मोठ्या शहराचा खरा फायदा म्हणजे एक नोकरी गेली तर बिऱ्हाड न हलवता दुसरी मिळते. वेल्डर असो, नर्स असो की हिशेबनीस, त्याच कामाला माणसं घेणारे वीस मालक आवाक्यात असतील तर पगारवाढ मागताना अंगात बळ येतं. एकच कारखाना असेल तर तो देईल ते घ्यावं लागतं. शहरात लाखो नोकऱ्या असल्या तरी दोन तासांवरच्या नोकऱ्या तुमच्या हिशेबात धरूच नका.

हा आवाका किती नाजूक असतो ते बघा. तासाभराच्या प्रवासात दोन्ही टोकांना दहा-दहा मिनिटं चालणं आलं. बस दर २० मिनिटांनी असेल तर सरासरी १० मिनिटं थांब्यावर जातात. म्हणजे बसमध्ये बसायला उरली ३० मिनिटं. तीच बस दर १० मिनिटांनी आली तर थांबणं ५ मिनिटांवर येतं आणि बसमध्ये ३५ मिनिटं मिळतात. पाच मिनिटांनी काय होतंय असं वाटेल, पण आवाका चारही दिशांना पसरतो, त्यामुळे क्षेत्रफळ सुमारे ३६ टक्क्यांनी वाढतं. तेही नवा रस्ता न बांधता! कोलंबियातल्या मेडेयीनमध्ये २००४ साली डोंगरउतारावरच्या गरीब वस्त्यांना केबलकारने मेट्रोशी जोडलं, ते याचसाठी. मेट्रो आधीपासून होती, वस्तीपासून तिथवर पोचणंच अवघड होतं.

आता पैशाचा हिशेब. छोट्या शहरात पगार १०० धरा, घरभाडं २५, प्रवास ५. उरले ७०. आठ तास काम आणि जाऊन-येऊन एक तास, म्हणजे रोजचे ९ तास. मोठ्या शहरात पगार १३०, भाडं ४५, प्रवास १०. उरले ७५, पण प्रवासाचे तीन तास धरून रोजचे ११ तास गेले. दर तासामागे हातात पडणारी रक्कम सुमारे १२ टक्क्यांनी घटली. पगार ३० टक्क्यांनी वाढूनसुद्धा! तुमचे आकडे घालून हा हिशेब नक्की करा, आणि घरात दोघं कमावणारे असाल तर दोघांचा वेगळा करा. बहुतेकदा एकाच्या नोकरीजवळ घर घेतलं जातं आणि दुसऱ्याला, बहुधा बाईलाच, जवळपास मिळेल ते कमी पगाराचं काम धरावं लागतं.

भाडं इतकं का चढतं? नोकऱ्या वाढतात त्या वेगाने घरं वाढू दिली जात नाहीत. प्लॉटचं किमान क्षेत्रफळ, मजल्यांवरची मर्यादा, प्रत्येक घरामागे पार्किंगची सक्ती, असा एकेक नियम लहान स्वस्त घर बेकायदा ठरवत जातो. मग शहराबाहेर स्वस्त घरांची वसाहत उभी करतात. तिथे भिंती पक्क्या मिळतात पण काम मिळत नाही, म्हणून लोक ते घर भाड्याने देऊन पुन्हा कामाजवळच्या दाटीत येतात. त्यांना नावं ठेवणं मला पटत नाही, त्यांचा हिशेब बरोबर असतो. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नात सुमारे निम्मे लोक महापालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात. उत्पन्नाची अट फक्त घर मिळतानाच बघितली जाते, पुढे पगार वाढला म्हणून घर जात नाही. त्यामुळे बढती घ्यायची भीती राहत नाही आणि वस्तीही मिश्र राहते.

वस्ती मिश्र असण्याचा फायदा मुलांना होतो. अमेरिकेत १९९४ ते १९९८ या काळात पाच शहरांतल्या गरीब कुटुंबांना सोडत काढून चांगल्या वस्तीत जायला भाडेमदत दिली. पुढे राज चेट्टी, नॅथॅनिएल हेंड्रेन आणि लॉरेन्स कॅट्झ या अर्थतज्ज्ञांनी त्या मुलांची कमाई तपासली. वयाच्या तेराव्या वर्षाआधी तिथे गेलेल्यांची कमाई पंचविशीच्या आसपास, मदत न मिळालेल्या मुलांपेक्षा ३१ टक्क्यांनी जास्त निघाली. त्याहून मोठ्या मुलांना तो फायदा झाला नाही, आणि आईवडिलांच्या कमाईतही ठळक फरक पडला नाही. मुलं लहान असतील तर पगारातली थोडी तूट सोसूनही चांगली वस्ती निवडा असं मी म्हणेन.

घर ठरवण्याआधी कामाच्या दिवशी, शिफ्टच्याच वेळेला, त्या घरापासून कामापर्यंत एकदा जाऊन या. परतीचाही प्रवास करा. रात्री शिफ्ट सुटते तेव्हा शेवटची बस निघून गेलेली असेल, तर रोजचा रिक्षाखर्च वरच्या हिशेबात घाला. आणि त्याच घरातून गाठता येतील असे तुमच्या कामाचे आणखी निदान पाच मालक नकाशावर शोधा. ते सापडत नसतील तर दुसरी वस्ती बघा.